शंभर वर्षांचं सागवानही हलतं

जुन्या लाकडावर जुनं कापड लावून कलाकृती करायच्या, तर मालासाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जायचं, बोहारणीशी ओळख ठेवायची, एवढं तुम्हाला ठाऊक असेलच. माल कुठे मिळतो ते पुन्हा सांगत नाही. माझं पहिलं मोठं काम कशानं फाटलं, ते सांगते.

पेठेतल्या पाडलेल्या वाड्याच्या दोन सागवानी फळ्या मागून आडव्या पट्ट्या ठोकून जोडल्या. रुंदी दीड फूट. त्यावर आजीच्या इरकलीचा पदर, ऑगस्टमध्ये पांढरा गोंद लावून ताणून चिकटवला. एप्रिलमध्ये पदर बरोबर सांध्यावर वरपासून खालपर्यंत चिरला.

शंभर वर्षांचं लाकूड आता काय हलणार, असं मला वाटायचं. मी गेले होते त्या कलाशिबिरातल्या शिक्षकांनीही तेच सांगितलं होतं. (दोन दिवसांत कला शिकवणाऱ्यांवर माझा तेव्हापासून राग आहे.) लाकूड कितीही जुनं असो, पावसाळ्यात दमट हवेनं फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीत जवळजवळ काहीच नाही. हलतं ते लाकडाच्या रेषांना आडवं, म्हणजे रुंदीत. माझ्या फळ्यांच्या सांध्यात चारेक मिलिमीटरची फट पडली. फार वाटत नाही ना? पण कापड दोन्ही फळ्यांना गच्च चिकटलेलं. सैल पडायला जागाच नाही, त्यामुळे सगळी ओढ फटीवरच्या तेवढ्याशा धाग्यांवर. नेसून नेसून विरलेले धागे ते, किती टिकणार? भारी गोंद आणून हे थांबत नाही, उलट पकड जितकी घट्ट तितकं कापड लवकर जातं.

शेवटी एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मार्ग दाखवला. जुनं कापड आधी मांजरपाटावर धावदोऱ्यानं शिवायचं, गोधडीसारखं. मांजरपाट हलक्या चौकटीवर ताणायचा आणि चौकट फळीला स्क्रूनं लावायची, पण स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट पाडायची. मग फळी मागे खुशाल सरकू दे. मांजरपाट आधी धुऊन घ्या, नाहीतर तो नंतर आटतो. लाल, जांभळं कापड ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. रंग सुटला तर फिकट तुकड्याशेजारी लावू नका.

करवत लावण्याआधी फळीवर लोहचुंबक फिरवाच. आत मोडलेले खिळे असतात आणि करवतीचं पातं तुमच्या खर्चानं जातं.

पहिली दोन-तीन कामं वाया जातील, जाऊ द्या. माझी पाच गेली. फक्त त्यासाठी आजीचा पदर काढू नका, बोहारणीकडची साडी घ्या.