‘सिग्निफिकंट’ लिहिण्याआधी सी.डी. बघा

एम.एस्सी. अ‍ॅग्रीच्या थिसिसचा पहिला ड्राफ्ट सरांकडून परत आला, तेव्हा एकाच शब्दाभोवती चौदा लाल गोल होते: सिग्निफिकंट. माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं. डिक्शनरीत अर्थ सापडला ‘महत्त्वाचा, लक्षणीय’. शब्द भारदस्त वाटला, म्हणून जिथे ‘बरीच वाढ’ म्हणायचं तिथे पेरत गेलो. एका गोलाशेजारी सरांनी लिहिलं होतं, ‘सी.डी. बघितली का?’ सी.डी. म्हणजे क्रिटिकल डिफरन्स: दोन सरासरींतला फरक याहून जास्त असेल, तरच तो ‘सिग्निफिकंट’ धरतात.

आपल्या शाखेत हा शब्द मोजूनमापून वापरतात, आणि तो रुजलाही शेतातच. रोनाल्ड फिशर 1919 मध्ये इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड कृषी संशोधन केंद्रात रुजू झाले. आपण ज्या आरबीडीत (रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे शेताचे गट करून प्रत्येक गटात प्लॉट चिठ्ठ्या टाकल्यासारखे वाटणं) प्लॉट पाडतो ती पद्धत त्यांचीच, आणि 5 टक्क्यांची पातळी रूढ झाली ती त्यांच्या 1925 च्या पुस्तकामुळे.

समजा, दोन ट्रीटमेंटचं, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या खतांच्या दोन मात्रांचं, उत्पादन हेक्टरी 22.4 आणि 20.9 क्विंटल आलं. फरक दीड क्विंटलचा. तक्त्याखाली सी.डी. 2.1 असेल, तर कितीही जीव तुटला तरी दोन्ही ‘अ‍ॅट पार’, म्हणजे बरोबरीचेच, लिहायचं. एवढा फरक जमिनीच्या कमीअधिक कसामुळेही पडू शकतो. तीच सी.डी. 1.1 असती, तर बेलाशक ‘सिग्निफिकंट’ लिहा.

आता माझी फजिती. तोंडी परीक्षेत मी ठणकावून सांगितलं, ‘म्हणजे खत लागू पडल्याची 95 टक्के खात्री आहे.’ बाहेरून आलेले परीक्षक चष्मा काढून बघतच राहिले. खरा अर्थ असा: खतात मुळात काहीच दम नसता, तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 5 टक्क्यांच्या आत आहे. बस, इतकंच. तसंच ‘एन.एस.’ (नॉन-सिग्निफिकंट) म्हणजे खत निकामी असंही नाही. रेप्लिकेशन, म्हणजे त्याच ट्रीटमेंटचे पुन्हा घेतलेले प्लॉट, तीनच असतील, तर खरा फरकही निसटतो.

आणि सिग्निफिकंट आलं म्हणून शेतकऱ्याला परवडलं असं थोडंच आहे? हेक्टरी साठ किलो जादा निघाले आणि फवारणीचा खर्च त्याहून जास्त, तर तो तुमच्या तक्त्याकडे ढुंकूनही बघणार नाही. म्हणून निकालाशेजारी खर्च-उत्पन्नाचा हिशेब हवाच.

‘सिग्निफिकंट फिगर्स’चा मामला निराळा, ते सार्थक अंक. काट्यावर प्लॉटचं वजन 12.4 किलो भरलं, तर सार्थक अंक तीन. हेक्टरी हिशेब करताना कॅल्क्युलेटर आठ आकडे दाखवतो, ते सगळे उतरवू नका. प्रस्तावनेतल्या ‘सिग्निफिकन्स ऑफ द स्टडी’ला मात्र घाबरायचं कारण नाही, तिथे विषय का घेतला एवढंच सांगायचं असतं.

ड्राफ्ट देण्याआधी कंट्रोल-एफ दाबून हा शब्द शोधा आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी तक्ता उघडा ठेवा. माझे चौदापैकी पाच उरले.