घटस्फोटात घर, सोनं, कारखाना कसा वाटायचा

लग्नानंतरचं सगळं आपोआप अर्धं-अर्धं होतं, हा समज आधी काढा. आपल्या कायद्यात तसं नाही. मालमत्ता ज्याच्या नावावर, सहसा त्याची. स्त्रीधन, म्हणजे तिला मिळालेले दागिने-भेटी, मात्र पूर्णपणे बायकोचं, सासरच्या कपाटात असलं तरी. लग्नात दोघांना मिळून आलेल्या वस्तूंबद्दल हिंदू विवाह कायद्याच्या कलम 27 खाली कोर्ट आदेश देऊ शकतं.

सोनं दोघांसमोर वजन करा, खडे-मणी वजा करून. पावत्या नसतील तर पुराव्यासाठी लग्नातले जुने फोटो शोधा. गहाण असेल तर कर्ज कोण फेडणार तेही लिहा.

जुळे सोलापुरातला फ्लॅट 40 लाखांचा आणि कर्ज 16 लाख बाकी, तर वाटायचे 24 लाखच. इथेच घोळ होतो: समझोत्यात ‘हप्ते नवरा भरेल’ लिहिलं, तरी बँकेला ते बंधनकारक नाही. बायको सहकर्जदार असेल तर थकल्यावर नोटीस तिलाही येते. म्हणून आधी बँकेकडून तिचं नाव कमी करून घ्या. राहतं घर जोडीदाराला बक्षीसपत्राने द्यायचं तर कोर्टाच्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याआधी नोंदवा. पती-पत्नी असेपर्यंतच मुद्रांक शुल्क 200 रुपये, बाकी आकार वेगळे.

यंत्रमागाच्या शेडमध्ये नुसते माग मोजून भागत नाही. सूत, तयार चादरी, व्यापाऱ्यांकडची येणी, सूतवाल्याची देणी, सगळं एकाच तारखेचं धरा. जुनी उधारी पूर्ण किमतीला धरू नका, बुडीत निघते.