कार्यक्रम थांबत नाही, कॅमेरा थांबतो

ठाणे आणि नवी मुंबईत कार्यक्रमांच्या चित्रीकरणाचे काम सुरू करणारी मुले मला पहिला प्रश्न विचारतात तो कॅमेऱ्याचा: लेन्स अंगातच असलेला, खास व्हिडिओसाठीचा कॅमकॉर्डर घ्यावा, की लेन्स बदलता येणारा डीएसएलआर किंवा मिररलेस? बहुतेकांनी उत्तर आधीच ठरवलेले असते, कारण मागची पार्श्वभूमी अलगद धूसर झालेली देखणी दृश्ये त्यांनी मोबाइलवर पाहिलेली असतात. ती ओढ मी समजू शकतो. २००८ साली कॅननच्या फाइव्ह डी मार्क टूने ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर, फुल एचडी चित्रीकरण शक्य केले, आणि एक इंची म्हटल्या जाणाऱ्या १३.२ बाय ८.८ मिलिमीटरच्या सेन्सरच्या कॅमकॉर्डरपुढे ते चित्र वेगळेच दिसते. मीही त्याच मोहाने डीएसएलआर घेतला होता.

वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात एका मुलीच्या अरंगेत्रमचे, म्हणजे भरतनाट्यमच्या पहिल्या जाहीर सादरीकरणाचे काम मी त्याच कॅमेऱ्यावर केले. वर्णम् हा त्यातला सर्वांत मोठा भाग, अनेकदा अर्ध्या तासाहूनही लांबणारा. तो सुरू होताना मी बटण दाबले आणि मुलीच्या चेहऱ्यावर फोकस राखण्यात इतका गुंतलो, की कॅमेऱ्याच्या पडद्यावरचा, चित्रीकरण चालू असल्याचा लाल ठिपका गेल्याचे मला पुढच्या टाळ्या वाजल्यावर कळले. घड्याळ २९ मिनिटे ५९ सेकंदांवर थांबले होते. निघताना तिच्या आईने ‘वर्णम् पूर्ण आलंय ना?’ असे विचारले, आणि ‘शेवट हुकला’ हे मला तिला सांगावे लागले.

अर्ध्या तासाच्या आत आपोआप थांबण्याच्या त्या मर्यादेचे कारण तांत्रिक कमी आणि करविषयक अधिक होते: सलग अर्धा तास किंवा त्याहून अधिक चित्रीकरण करणारे उपकरण युरोपीय संघात व्हिडिओ कॅमेरा मानले जाई आणि त्यावर जास्त सीमाशुल्क पडे. नंतरच्या अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ही मर्यादा राहिली नाही, पण लहानशा बॉडीत साचून कॅमेरा बंद पाडणारी उष्णता राहिली, आणि मे महिन्यात उघड्या मैदानावर ती मर्यादेइतकीच निष्ठुर ठरते. कॅमकॉर्डरची बांधणीच तासन्‌तास चालण्यासाठी असते. दोन कार्डांच्या कॅमकॉर्डरमध्ये एक कार्ड भरले की चित्रीकरण आपोआप दुसऱ्यावर जाते.

झूमकडे नवोदितांचे लक्षच जात नाही. कॅमकॉर्डरचा झूम अंगठ्याखाली किंवा बोटाखाली संथपणे सरकतो. याउलट, १८-५५ मिलिमीटरसारख्या साध्या झूम लेन्सचे छिद्र पूर्ण उघडे ठेवून झूम केल्यास ते एफ ३.५ वरून ५.६ वर येते, म्हणजे लहान होते, प्रकाश निम्म्याहून कमी होतो आणि पुष्कळदा फोकसही ढळतो. नाटकात पात्र विंगेतून रंगमंचाच्या मध्यापर्यंत येईस्तोवर हे सावरायला वेळ मिळत नाही.

आवाजाबाबत मी अधिक आग्रही आहे. व्याख्यान किंवा गाण्याच्या मैफलीत प्रेक्षक अस्पष्ट चित्र एकवेळ सहन करतात, फाटलेला आवाज करीत नाहीत. व्यावसायिक कॅमकॉर्डरवर एक्सएलआर या जाड तीन-पिनी ध्वनिकेबलच्या दोन जोडण्या, केबलमधूनच माइकला वीज देणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा आणि मिक्सरचा जोरकस ‘लाइन’ संकेत की माइकचा क्षीण संकेत हे निवडण्याची कळ असते, त्यामुळे सभागृहाच्या मिक्सरची केबल थेट लावता येते. तीच केबल मिररलेसच्या बारीक, क्षीण संकेतासाठीच्या माइक-जोडणीला लावल्यास आवाज बहुधा फाटतो. तिथे वेगळा रेकॉर्डर बाळगावा.

गुढीपाडव्याच्या ठाण्यातील शोभायात्रेत उन्हाचा प्रश्न येतो. सेकंदाला २५ फ्रेम असताना शटर १/५० सेकंद ठेवावे, म्हणजे लेझीमची हालचाल डोळ्याला नैसर्गिक वाटते. पण तेवढ्या उजेडात चित्र पांढरे पडते. अनेक व्यावसायिक कॅमकॉर्डरमध्ये एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, आतच असतो, मिररलेसच्या लेन्सवर तो फिरवून बसवावा लागतो. सभागृहातही १/५० सोडू नये, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि १/६० वर ट्यूबलाइटच्या उजेडात पट्टे सरकताना दिसतात.

माझे स्पष्ट मत असे, की जो कार्यक्रम पुन्हा होणार नाही आणि ज्याची गती आपल्या हाती नाही, त्याचा मुख्य कॅमेरा कॅमकॉर्डरच असावा. लग्नाआधीचे चित्रीकरण, मुलाखत, छोटी जाहिरात, म्हणजे जिथे ‘पुन्हा एकदा’ म्हणता येते, तिथे मिररलेस घ्यावा. अंधाऱ्या जागीही तोच सरस ठरतो. विकत घेण्यापूर्वी दोन्ही भाड्याने आणून एकेक संपूर्ण कार्यक्रम करून पाहावा. आता माझा कॅमकॉर्डर शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर अखंड चालू असतो आणि मिररलेस घेऊन मी बाजूने चेहरे टिपतो. पडदा उघडण्यापूर्वी दोन्ही सुरू करून मी एक जोरदार टाळी वाजवतो, म्हणजे संकलनात दोन्हींचा आवाज जुळवणे सोपे जाते.