इम्प्लांटचा स्कॅन लॅबला पाठवताना

मी डेंटल लॅबमध्ये इम्प्लांटवरच्या (जबड्याच्या हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळावरच्या) कॅपचं डिझाइन करते. डॉक्टरांची फाइल उघडली की आधी स्कॅन बॉडी बघते, म्हणजे इम्प्लांटची जागा आणि दिशा स्कॅनमध्ये कळावी म्हणून त्यावर तात्पुरता लावलेला खुंटा. हिरडीचा रंग कितीही छान येऊ दे, स्कॅन बॉडी अर्धवट आली असेल तर ती फाइल माझ्या कामाची नाही.

हीलिंग कॅप (हिरडी भरून येईपर्यंत इम्प्लांटवर लावलेलं झाकण) काढल्या काढल्या हिरडीचा स्कॅन घ्या. आधार गेला की काही मिनिटांत ती आत झुकायला लागते, आणि मग कॅपचा हिरडीतला आकार मला अंदाजाने काढावा लागतो. लाळ आणि रक्त टिपून घ्या. त्यानंतर स्कॅन बॉडी लावा.

ती पूर्ण बसली का, हे नुसतं बोटांना कळत नाही. हिरडीची घडी किंवा हाडाचा कंगोरा मध्ये आला तर बॉडी जराशी वर राहते, स्क्रू मात्र घट्ट झाल्यासारखा वाटतो. बॉडी आणि इम्प्लांटचा जोड हिरडीखाली असेल तर एक्स-रे काढाच, आणि किरण जोडाच्या रेषेत सरळ जाऊ द्या. तिरप्या एक्स-रेत फट लपते. बॉडीची सपाट बाजू शेजारच्या दाताकडे ठेवू नका. तिथे कॅमेरा नीट पोचत नाही, आणि इम्प्लांट किती फिरलेला आहे ते सॉफ्टवेअर बहुधा त्याच बाजूवरून ठरवतं. वारंवार वापरून कडा झिजलेली बॉडी सरळ फेकून द्या.

समोरचा जबडा आणि बाईट (दात मिटल्यावरची ठेवण) यांचे स्कॅन लागतातच. सोबत इम्प्लांटच्या पाकिटावरच्या स्टिकरचा फोटो आणि स्कॅन बॉडीचं नेमकं नाव पाठवा. चिठ्ठीवर नुसतं '४ मिमी' लिहून भागत नाही, कारण इम्प्लांटचा व्यास आणि प्लॅटफॉर्मचा, म्हणजे जोड बसतो त्या वरच्या तोंडाचा, आकार एकच असेल असं नाही. सॉफ्टवेअरमधली लायब्ररी (त्या कंपनीच्या भागांची मापं) चुकीची निवडली गेली तरी स्क्रीनवर कॅप देखणीच दिसते. तोंडात मात्र बसत नाही.

पूर्ण जबड्याचं काम असेल तर मी जास्त हट्टी होते. स्कॅनर छोटी छोटी चित्रं एकमेकांना जोडत जातो आणि प्रत्येक जोडणीतली बारीक चूक पुढे साचत जाते. म्हणून तोंडात व्हेरिफिकेशन जिग (सगळ्या इम्प्लांटची जागा बरोबर आली का ते बघायचा सांगाडा) तपासल्याशिवाय मी मिलिंग, म्हणजे मशीनवर कापणं, सुरू करत नाही. उशीर झाला तरी चालेल.

पुढचं काम आमचं. कॅपचा झिरकोनिया (एक कठीण सिरॅमिक) भट्टीत साधारण २० टक्के आकसतो, म्हणून तो मुळातच मोठा कापतात. भट्टीतून आल्यावर टाय-बेसवर (कॅप आणि इम्प्लांट यांच्यामधल्या टायटॅनियमच्या तुकड्यावर) ५० मायक्रॉनच्या अॅल्युमिनाचा फवारा, एमडीपी (सिमेंटची पकड वाढवणारं रसायन) असलेला प्रायमर, मग सिमेंट. स्क्रूच्या भोकात आधी टेफ्लॉन भरते, नाहीतर सिमेंट आत उतरतं. जोडावर उरलेलं सिमेंट भिंगाखाली काढते. तेच राहिलं तर हिरडी सुजते.

कॅप तुमच्याकडे आली की आधी शेजारच्या दातांचे स्पर्श बघा. ते घट्ट असतील तर कॅप खाली उतरलेलीच नसते आणि बाईट उंच लागतो. अशा वेळी घाईने वरून घासायला घेऊ नका. स्पर्श सैल करा, एक्स-रेवर जोड बघा, मगच बाईटला हात लावा. शेवटी लॅबचा स्क्रू बाजूला ठेवून नवा वापरा, कंपनीने दिलेल्या टॉर्कला (पिळाच्या जोराला) कसा, दहा मिनिटांनी तेवढ्याच टॉर्कला पुन्हा कसा. भोकात टेफ्लॉन, वर कंपोझिट.