निवासी शाळा उघडायची? आधी एक रात्र तिथे झोपा

"ताई, जूनमध्ये शाळा सुरू करतोय, एकदा बघून जा," असा संस्थेचा फोन आला की मी संध्याकाळच्या एसटीने जाते आणि मुक्काम करते. 22 वर्षं मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते. वर्ग आणि बाकं दिवसा कुणालाही दिसतात. निवासी शाळा कळते ती दिवे मालवल्यावर.

कागद आधी उरकून घ्या: स्वयंअर्थसहाय्यित शाळेची परवानगी, यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी नोंदणी क्रमांक), अग्निशमनचा दाखला, स्वयंपाकघराचा अन्न परवाना, आणि आचारी-पहारेकऱ्यासकट सगळ्यांची पोलीस पडताळणी. "अर्ज केलाय" हे उत्तर धरू नका. पाण्याच्या अहवालावर नमुना कुठला होता तेही वाचा. विहिरीचं पाणी चांगलं आणि मुली पितात ती टाकी शेवाळलेली, असं मी पाहिलंय. म्हणून पाण्यातलं क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली माझ्या पिशवीतच असते. पाईपलाईनच्या शेवटच्या नळाचं पाणी घेऊन थेंब टाका. पिवळी छटा आली नाही, तर टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर, तिथवर पोचतच नाही.

पाणी किती, याचा हिशेब माणशी रोज 135 लिटरने करा. 120 मुलांना 16,200 लिटर लागतात. वीज दिवसभर गेली तर टाकीत तेवढं उरतं का? पहाटे सहाला सगळे नळ एकदम सोडून वरच्या मजल्यावर जाऊन बघा. शौचालयांचाही हिशेब मांडा: 40 मुली, 4 शौचालयं, प्रत्येकीला 5 मिनिटं, म्हणजे 50 मिनिटं. तेवढा वेळ वेळापत्रकात नसेल तर मुली काय करतात सांगते. संध्याकाळनंतर पाणी पिणं सोडतात. मग लघवीची जळजळ, ताप, आणि लाजेपोटी कुणाला सांगत नाहीत.

रात्री दोनला मेन स्विच बंद करा. टॉर्चशिवाय, वरच्या मजल्यावरून मैदानापर्यंत सगळ्या कर्मचाऱ्यांना चालवा. दाराची कडी आतून, किल्लीशिवाय उघडलीच पाहिजे. "मुलींच्या सुरक्षेसाठी" बाहेरून कुलूप लावायची पद्धत आमच्याकडेही होती. एका रात्री सातवीतल्या मुलीला विंचू चावला. किल्ली पहारेकऱ्याकडे, आणि तो मोटर चालू करायला विहिरीवर गेलेला. वीस मिनिटं ती कण्हत होती आणि मी आतून दार बडवत होते. दुसऱ्या दिवशी ते कुलूप मी काढायला लावलं. स्वयंपाकघर झोपायच्या खोल्यांपासून लांब आणि सिलिंडर बाहेर हवेत. 16 जुलै 2004 ला तामिळनाडूतल्या कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातली आग वर्गांच्या झावळ्यांच्या छपराला लागली, 94 मुलं गेली.

त्याच रात्री शाळेच्या गाडीने प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत जाऊन या. सर्पदंशावरचं प्रतिविष इंजेक्शन आहे का, रात्री डॉक्टर असतात का, तिथेच विचारा. पावसाळ्यात वाटेतल्या ओढ्याला पाणी येतं का, ते गावकऱ्यांना विचारा.

एक प्रश्न प्रत्येक कर्मचाऱ्याला एकेकटं गाठून विचारा: एखाद्या मुलीने "मला त्यांनी हात लावला" असं सांगितलं, तर काय कराल? बहुतेक जण म्हणतात, मुख्याध्यापकांना सांगू. तेवढ्यावर भागत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याने (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, संस्थेचं नाव कितीही मोठं असो. आणि 1098, म्हणजे मुलांच्या मदतीचा नंबर, लावायला मुलीला फोन कुठे मिळणार? तो ऑफिसात कुलपात असेल तर भिंतीवरच्या त्या नंबराचा काय उपयोग?

शेवटी अधीक्षिकेला तिच्या खोलीत झोपायला सांगते, दार लावून, पंखा चालू ठेवून. मी सर्वांत लांबच्या कॉटवर आडवी होते आणि पहिल्या रात्री घाबरलेली पाचवीतली मुलगी मारेल तेवढ्याच आवाजात हाक मारते, "ताई..." ती ऐकू गेली नाही, तर अहवालात पहिलीच ओळ लिहिते: अधीक्षिकेची खोली हलवा. भिंत फोडावी लागली तरी, मुली येण्याआधी.