दात कोरून पोट भरतं तेव्हा

अमेरिकेत डेंटल हायजीन, म्हणजे दात साफ करायचं आणि हिरड्या तपासायचं काम, शिकणार आहे, असं फोनवर सांगितलं तेव्हा बाबा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "म्हणजे लोकांचे दात कोरायचे? अगं, दात कोरून कधी पोट भरतं का?" म्हणीचा अर्थ वेगळा, पण त्यांना स्वतःचा विनोद इतका आवडला की पुढची पाच वर्षं दर रविवारी तो ऐकावा लागला.

आता मी न्यू जर्सीत हायजिनिस्ट म्हणून काम करते, आणि ओळखीतून कुणी ना कुणी विचारत असतं, "ताई, तो दोन वर्षांचा कोर्स कसा आहे?" मला त्या 'दोन वर्षां'बद्दलच आधी बोलायचंय.

मी जानेवारी २०१९ मध्ये पहिला विषय घेतला आणि मे २०२४ मध्ये पास झाले. हिशोब तुम्हीच करा. कॉलेजच्या माहितीपत्रकात लिहिलेली दोन वर्षं ही प्रवेश मिळाल्यानंतरची. त्याआधी प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय, असतात : अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी एक आणि दोन, मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, इंग्लिश, सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी. यादी कॉलेजागणिक थोडी बदलते. मी कराडला मायक्रोबायोलॉजीतच बी.एस्सी. केलेलं. ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे गुणपत्रिकांचं, मूल्यांकन करून घेतलं, पैसे भरले, आणि अ‍ॅडव्हायझर बाई गोड हसून म्हणाल्या, "तुमची डिग्री फार जुनी आहे." विज्ञानाचे विषय पाच ते सात वर्षांच्या आतले हवेत, असा बऱ्याच कॉलेजांचा नियम असतो. म्हणून मी पुन्हा एकदा पेट्री डिशवर रेघा ओढत बसले, शेजारी अठरा वर्षांची मुलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा मूल्यांकनाचे पैसे भरायच्या आधी हा नियम विचारून घ्या.

प्रवेश गुणांवर असतो आणि जागा थोड्या. आमच्या वर्गात आम्ही २४ जणी होतो. पहिल्या वर्षी मला प्रवेश मिळालाच नाही, कारण केमिस्ट्रीत बी ग्रेड. 'पास झालं की झालं' ही आपली सवय इथे नडते. प्रत्येक प्रीरेक्विझिटमध्ये ए आणायचा, असं ठरवूनच बसा.

कॉलेज निवडताना एकच गोष्ट आधी बघायची : त्या कोर्सला कोडाची, म्हणजे कमिशन ऑन डेंटल अ‍ॅक्रेडिटेशनची मान्यता आहे का. ती नसेल तर पुढच्या परीक्षांना बसता येत नाही. न्यू जर्सीत एडिसनचं मिडलसेक्स, पॅरामसचं बर्गन अशा सरकारी कम्युनिटी कॉलेजांत हा कोर्स आहे, आणि खासगी संस्थांपेक्षा फी बरीच कमी. फक्त फीवर जाऊ नका, अवजारांची पेटी आणि लूप्स, म्हणजे डोळ्याला लावायची भिंगं, यांचा खर्च वेगळा. त्या बिलाने आमच्या घरी एक भारतवारी रद्द झाली.

आणि डेंटल असिस्टंट वेगळी, हायजिनिस्ट वेगळी. असिस्टंटचा कोर्स काही महिन्यांचा. हायजिनिस्टला स्वतःचं लायसन्स असतं. हे मला माझ्या जावेला तीनदा समजावावं लागलं.

एच-फोरवर, म्हणजे नोकरदार जोडीदाराच्या मागे मिळणाऱ्या व्हिसावर, असाल तर शिकायला आडकाठी नाही. काम करायचं तर मात्र ईएडी, म्हणजे कामाचा परवाना, लागतं, आणि ते नवऱ्याचं किंवा बायकोचं ग्रीन कार्डचं काम ठरावीक टप्प्याला आलं असेल तरच मिळतं. शिवाय लायसन्सच्या अर्जावर बऱ्याच राज्यांत सोशल सिक्युरिटी नंबर मागतात. आमच्या पुढच्या बॅचची एक मुलगी पास होऊन आठ महिने घरी बसली होती. कागद कुठे पोचलेत ते बघा, मग फी भरा.

बीडीएस झालेल्यांसाठी थोडं वेगळं सांगते. क्लिनिकमध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर शिकणारी नागपूरची एक बीडीएस मुलगी होती, तिकडे दोन वर्षं प्रॅक्टिस केलेली. इथे दातांचं डॉक्टर व्हायचं तर आयएनबीडीई ही डेंटिस्टची राष्ट्रीय परीक्षा आणि पुन्हा दोन-तीन वर्षांचं महागडं शिक्षण, म्हणून तिने हा रस्ता धरला. फ्लोरिडासारखं एखादं राज्य सोडलं तर बीडीएसच्या जोरावर हायजिनिस्टचं लायसन्स मिळत नाही, कोर्स करावाच लागतो. पुस्तकी भाग तिला सोपा गेला, हात मात्र जड गेला. तिला जुनं विसरायचं होतं. आपल्याकडे खालच्या डाव्या पहिल्या दाढेला ३६ म्हणतात, इथे तीच दाढ १९. इथले आकडे वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ असे सुरू होतात, वरून डावीकडे १६ पर्यंत जातात आणि खालून परत येत ३२ ला संपतात. पहिल्या सेमिस्टरला ती दर वेळी मनात भाषांतर करायची आणि इन्स्ट्रक्टर घड्याळ बघायच्या.

हाताबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण पुस्तकं आपण पाठ करू शकतो, हात पाठ होत नाही.

पहिले काही आठवडे पेशंट नसतोच. टायपोडॉन्ट नावाची प्लास्टिकची बत्तिशी असते, तिच्या दातांना हिरडीखाली नेलपॉलिश लावतात आणि ते कीटण समजून काढायचं. अवजार पेनासारखं धरायचं, पण मधलं बोट पेनापेक्षा पुढे, आणि अनामिका जवळच्याच दातावर घट्ट टेकवलेली. तो टेकू सुटला की अवजार निसटून हिरडीत जातं. मी कॅरमसारखी बोटांनी ढकलायची. इन्स्ट्रक्टरनी माझी अनामिका पकडून दातावर दाबली आणि म्हणाल्या, ओढ बोटांनी नाही, मनगटाने. हे कळायला मला पाच मिनिटं लागली आणि जमायला पाच महिने.

ग्रेसी क्युरेट नावाची कीटण खरवडायची अवजारं नंबरांनी ओळखतात. १/२ पुढच्या दातांना, ११/१२ दाढेच्या पुढच्या बाजूला, १३/१४ मागच्या बाजूला. प्रत्येक अवजाराची दोन्ही टोकं वरवर सारखी, पण प्रत्येक टोकाला धार एकाच कडेला. चुकीचं टोक लावलं तर तुम्ही कीटण काढत नाही, नुसतं घासून गुळगुळीत करता, आणि मग ते कुणालाच निघत नाही. अवजाराला धारही आपणच लावायची, दगडावर, पात्याशी साधारण ११० अंशांचा कोन धरून. मला लहानपणी सायकलवर येणारा धारवाला आठवायचा. विळीला धार लावताना तो बघायचा कमी, ऐकायचा जास्त. इथेही तसंच. दगडावरचा आवाज बदलला की धार आली.

हिरडी तपासायची तर प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी प्रोब, म्हणजे खुणा केलेली बारीक सळई, घालून खोली मोजायची. २८ दात असले तरी १६८ आकडे. एक ते तीन मिलिमीटर म्हणजे ठीक, चारपासून पुढे कान टवकारायचे. माझ्या पहिल्या पेशंटला मी हे आकडे घ्यायला सव्वा तास लावला. तो बिचारा झोपला. आता दहा मिनिटं लागतात.

मान आणि पाठ आत्तापासून जपा. पेशंटच्या डोक्याभोवती घड्याळ कल्पून कुठे बसायचं ते शिकवतात, नऊला, अकराला, बाराला. आपण आळशीपणा करून एकाच जागी बसून मान वाकडी करतो. वर्गातल्या दोघींना शिकत असतानाच मनगटाला पट्टा लागला.

परीक्षांचं पटकन सांगते. नॅशनल बोर्ड : ३५० प्रश्न, एका दिवसात, त्यातले १५० पेशंटच्या केसेसवर, पास व्हायला ७५ चा स्केल्ड स्कोअर, म्हणजे ७५ टक्के नव्हे, ठरावीक मोजपट्टीवर बसवलेले गुण. केसेसचे प्रश्न शेवटी येतात आणि तोवर डोकं बधिर झालेलं असतं, म्हणून सराव दमल्यावर करायचा. क्लिनिकल, म्हणजे हाताच्या कामाची, परीक्षा मी मॅनिकिनवर, बनावट तोंडावर, दिली. मग राज्याचं लायसन्स. नोकरी लगेच मिळते, हे खरं. पगाराचा जो आकडा सगळे फॉरवर्ड करतात तोही खरा : सरकारी आकडेवारीनुसार मे २०२४ मध्ये देशातलं मध्यक वार्षिक वेतन (निम्म्यांना याहून जास्त, निम्म्यांना कमी) ९४,२६० डॉलर होतं. पण खूप जणी दोन-तीन ठिकाणी मिळून आठवडा भरतात, तासावर पैसे, आणि हेल्थ इन्शुरन्स मिळेलच असं नाही. पेशंट आला नाही तर काही ठिकाणी तुम्हाला घरी जायला सांगतात. मुलाखतीत हे विचारायला लाजू नका. मी लाजले होते.

पेशंट कुठून आणायचे हे कुणीच आधी सांगत नाही, म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवलंय. कॉलेजच्या क्लिनिकमध्ये पेशंट बहुतेक करून तुम्हालाच शोधावे लागतात. आणि कुठलेही चालत नाहीत. इतकी मुलं, इतके म्हातारे, इतके जण खूप कीटण असलेले, असा कोटा असतो. इथले बरेच लोक वर्षातून दोनदा दवाखान्यात दात साफ करून घेतात, त्यांच्या तोंडात कीटण सापडेना. मी मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीला उभी राहून लोकांच्या हसण्याकडे बघायची. नवरा म्हणाला, "निदान मोदक तरी नीट खाऊ दे लोकांना."

शेवटी शेजारच्या वहिनींच्या सासूबाई मिळाल्या, कराडकडच्याच. सहा महिन्यांसाठी आलेल्या, प्रवासाच्या विम्यात दातांचं काही नाही, कॉलेजात अगदी थोड्या पैशात काम होणार. पण त्या तयार होईनात.

"दात हलतील गं माझे. आमच्याकडं एकीनं साफ केले, महिन्यात दोन पडले."

"आजी, ते कीटणानेच धरून ठेवलेले असतात. दात आधीच हललेला असतो."

"मग राहू दे की ते. धरतंय तर धरू दे."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहिनींनी त्यांना कसं पटवलं कोण जाणे. पहिल्या दिवशी खुर्चीत बसल्या, मी रक्तदाब घेतला : १८६/११२. १८०/११० च्या वर असेल तर आमच्या क्लिनिकमध्ये काम करायचं नाही, परत पाठवायचं. साडेतीन तासांचा स्लॉट गेला आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. वहिनींना मात्र त्या दिवशी कळलं की त्यांना न सांगता आजींनी बीपीची गोळी बंद केली होती. तेव्हा तुम्हीही पेशंटला आदल्या दिवशी फोन करून विचारा, गोळ्या घेतल्या का, जेवून येणार का. आणि एक पेशंट कायम राखीव ठेवा. माझा राखीव पेशंट नवरा होता, त्याचे दात आता आरशासारखे आहेत.

पंधरा दिवसांनी त्या पुन्हा आल्या. मेडिकल हिस्टरीच्या फॉर्मवर तंबाखूचा प्रश्न होता. "सिगारेट, विडी?" "शी!" मग मला सुचलं. "मिश्री लावता?" "लावते की. चाळीस वर्षं. त्याशिवाय पोट साफ होत नाही." हे इन्स्ट्रक्टरना समजावताना माझी तारांबळ उडाली. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड बोटाने हिरडीला चोळतात, म्हटल्यावर त्यांनी लूप्स लावून खालच्या ओठाच्या आतला पांढुरका पट्टा बराच वेळ बघितला, फोटो घेतला, आणि आजींना तोंडाच्या डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठी दिली. त्या पट्ट्यातून पुढे काही निघालं नाही.

तीन खेपा लागल्या. खालच्या पुढच्या दातांमागे कीटणाचा एकसंध बांध होता. त्याचा पहिला तुकडा खळ्ळकन सुटला तेव्हा आजींनी जीभ तिथे नेली आणि डोळे मोठे केले. "अगो, फट हाय इथं!" दात हलले नाहीत.

गावाहून त्यांचा अधूनमधून फोन येतो. मिश्री सोडलेली नाही. दुपारची बंद केलीय म्हणतात, सकाळची चालू आहे.