वादळानंतर गावाची उमेद कशी मोजावी?

वादळानंतर गाव सावरेल की रिकामे होईल, हे पंचनाम्यावरून कळत नाही. पंचनामा गेलेले मोजतो. पुढची वाटचाल मात्र लोकांना येणारी दहा वर्षे कशी दिसतात यावर ठरते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आडव्या झालेल्या सुपारीच्या वाड्यांच्या (बागांच्या) मालकांपुढे तीन वाटा होत्या: पुन्हा सुपारी लावणे, हाती लवकर येणारे पीक घेणे किंवा जमीन विकणे.

कोणी कोणती वाट धरली, हे पाहण्यासाठी प्रथम वाडीत जावे. सुपारीचे रोप कोवळेपणी ऊन सोसत नाही, म्हणून सावलीला केळ लावतात. केळीच्या आडोशाला रोप असेल, तर मालक उत्पन्नासाठी पाच-सात वर्षे थांबायला तयार आहे. नुसती केळच असेल, तर त्याची नजर फार लांब पोहोचलेली नाही. मात्र योजनेतून फुकट आलेले रोप कोणीही लावतो, त्यामुळे एप्रिलमध्ये त्याच्या आळ्यात ओल आहे का, हे बोट घालून पाहावे.

विकास सोसायटीत, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेत, पंप किंवा विहिरीसाठी मध्यम मुदतीचे कर्ज कोणी मागितले का, तेही विचारावे. पण मागणी नसली म्हणजे निराशाच, असे धरू नये. सातबाऱ्यावर डझनभर नावे आणि त्यांतली निम्मी मुंबईत असली, की सह्यांपायीच कर्ज अडते.

‘पुढे काय वाटते?’ असे विचारू नये. ‘बघूया’ एवढेच उत्तर मिळते. ‘सुपारी काढायला उद्या कोण चढणार?’ असे विचारावे. वाड्या पुन्हा उभ्या राहणार नाहीत असे वाटून झाडावर चढणारा गडी दुसरे काम धरतो, गडी मिळणार नाही म्हणून मालक रोपे लावत नाही, आणि अशा रीतीने दोघांचेही अंदाज एकमेकांमुळेच खरे ठरतात.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. तेव्हापासून आणखी एक प्रश्न आवश्यक झाला आहे: वादळ हा एकदाचा घाला होता, की आता ते येतच राहणार? पहिले मानणारा जुनीच वाडी पुन्हा उभारतो. दुसरे मानणारा झाडांत पैसा गुंतवताना हात आखडता घेतो.

ही पाहणी गणपतीत करू नये. चाकरमानी आलेले असताना प्रत्येक घरात गावी परतण्याच्या गोष्टी चालतात, आणि त्या बहुधा विसर्जनापर्यंतच टिकतात.